राणी कायकी चौक, लक्ष्मम्मापाशी

हळदापुरात एक जागा अशी होती, जिला नावच नव्हतं, आणि नाव नसल्यामुळं आजवर कुणाचं काही अडलंही नव्हतं. देगलूरकडून येणारा रस्ता, शाळेकडं जाणारा रस्ता आणि बाजारात घुसणारी बोळ, असे तिघं जिथं एकमेकांच्या अंगावर येतात, तिथं एक मोठा लिंब आहे. लिंबाखाली लक्ष्मम्माचा मिरची भज्यांचा गाडा. गाडा म्हणायचा आपला, बाकी त्याची चाकं कधीच मातीत रुतून बसली होती आणि एका चाकाला तर पावसाळ्यात पालवी फुटते असं शिवांगी शपथेवर सांगायची.

हळदापुरातली प्रत्येक आई आपल्या लेकीला घरातून निघताना एकच वाक्य सांगायची. "लक्ष्मम्मापाशी थांब, तिथून हलू नको." कारण गावात दुसरीकडं कुठंही एखादी पोरगी पाच मिनिटं नुसती उभी राहिली, की तीन काका गाडी थांबवून विचारणार, कुणाची गं तू, हितं का उभी हायेस, बापाला ठाव हाय का. लक्ष्मम्मापाशी उभी राहिली की कुणी विचारत नसे. तिथं उभं राहायला कारण लागत नव्हतं, कारण कढईत काही ना काही तळत असायचं. एखादा जास्तच रेंगाळला की लक्ष्मम्मा त्याच्याकडं न बघता झारा कढईच्या काठावर तीनदा आपटायची, आणि तो माणूस आपोआप पुढं सरकायचा.

शिवांगी नववी ब मधली. मागच्या वर्षीपर्यंत ती इतकं हळू बोलायची की 'हजर' म्हणूनही तिची गैरहजेरी लागायची. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ऐन वेळी माईक बंद पडला, घाबरून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलेली एकटीच म्हणून पहिला नंबर घेऊन आली. तेव्हापासून तिला आपल्याला आवाज आहे हे कळलं होतं. आता ती 'हजर' म्हणाली की शेजारच्या वर्गातलीही एखादी हजेरी लागून जायची.

तर झालं असं. हळदापूर नुकतंच ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालं आणि नगर झाल्यावर विकास आराखडा लागतो म्हणे. तो करायला पुण्याहून देविका मॅडम आल्या. मोठ्या टिकलीच्या, हातमागाच्या साडीतल्या, आणि प्रत्येक गोष्टीवर 'किती सुंदर' म्हणणाऱ्या. गटारीवरच्या फरशीलाही त्या किती सुंदर म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं, की शहर म्हणजे नुसते रस्ते नाहीत, शहर म्हणजे संस्कृती. आधी संस्कृती कुठं कुठं आहे ते नकाशावर टाकायचं, मग रस्ते. त्यासाठी नववीच्या पोरांना छापील फॉर्म वाटले. गावात फिरा, लोकांना विचारा, लिहून आणा.

रेणुकादास सरांनी फॉर्म वाटताना वर्गाला दम दिला. सर इतिहास शिकवायचे आणि तीस वर्षांपासून हळदापूरचा इतिहास लिहून राहिले होते. तो अकराव्या पानावर अडकला होता, कारण हळदापुरात अकरा पानांपुढं काही घडलंच नव्हतं. सर म्हणाले, "माणूस बोलेल तसंच्या तसं लिहायचं. शब्दाला हात लावायचा नाही. हात लावला की इतिहास मेला."

शिवांगीनं सगळ्यात जाड गठ्ठा उचलला आणि सगळ्यात आधी गेली लक्ष्मम्मापाशी.

भज्यांचा पहिला घाणा काढायची वेळ होती. लक्ष्मम्मा तेलंगणातून लग्न होऊन हळदापुरात आलेली. तिचं मराठी तिनं इथंच, गिऱ्हाइकांच्या तोंडून उचललेलं. शिवांगीला ती 'पिल्ला' म्हणायची. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी, पण शिवांगीला ते आपल्या मांजराच्या पिल्लासारखंच वाटायचं आणि आवडायचं. शिवांगीनं फॉर्म गल्ल्याच्या पेटीवर ठेवला आणि सुरुवात केली. या जागेचं नाव काय? लक्ष्मम्मा मिरची पिठात बुडवत म्हणाली, "काय की." म्हणजे कुणाला ठाऊक. आपल्याकडं सगळेच म्हणतात. ही जागा कुणी वसवली? "काय की." जागा कुणाच्या मालकीची? "काय की, बाई." जागेचं महत्त्व काय? "मागं सरक पिल्ला, तेल उडतंय."

शिवांगीला हसू आलं, पण सरांचा दम आठवला. तिनं चारही उत्तरं जशीच्या तशी लिहिली, 'बाई' सुद्धा स्वल्पविराम देऊन. खाली सही केली, वळणदार. तिची ती पहिलीच सरकारी सही.

फॉर्म नांदेडला टायपिंगला गेले. तिथं टायपिंग करणाऱ्याला दोन शब्दांमधली जागा दिसली नसावी, किंवा दिसली आणि आवडली नसावी. त्यानं ती बुजवली. 'बाई' आदरार्थी धरली. महिन्याभरानं अहवाल आला, त्यात चौतिसाव्या पानावर होतं:

जागेचे नाव: कायकी. कोणी वसवली: कायकी. मालकी: कायकीबाई. महत्त्व: येथे तेल उडते.

देविका मॅडमनी त्याखाली लाल पेनानं लिहिलं होतं, 'स्थानिक राणी? तेलाचा विधी?' नंतरच्या प्रतीत प्रश्नचिन्हं गेली. प्रश्नचिन्हांचं असंच असतं, झेरॉक्स करता करता झिजतात.

रेणुकादास सरांनी ते पान वाचलं आणि स्टाफरूममध्ये चहाचा कप बशीत न ठेवता थेट टेबलावर ठेवला, असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या रात्रीत बारावं पान झालं. आठवड्यात चाळिसावं. राणी कायकी काकतीयांच्या घराण्यातली असणार, नावातच दिसतंय. ती माहेराहून रुसून निघाली, लिंबाखाली थांबली आणि 'काय हे ऊन' म्हणाली, तिथंच आपलं गाव वसलं. शिवांगीनं वर्गात हात वर करून सांगितलं, की सर, ते काय की असं आहे, दोन शब्द. सरांनी प्रेमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू लहान आहेस, तुझ्या हातून नियतीनं लिहून घेतलं.

त्यांच्यापेक्षा पुढं गेले गुंडप्पा अण्णा. अण्णा म्हणजे त्या वॉर्डाचे नगरसेवक. त्यांच्या वॉर्डात आजवर एक बंद हापसा सोडून दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि आता अख्खी राणी निघाली. राणीची जयंती पाहिजे, तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून अण्णांनी स्वतःच्या वाढदिवसाची दिली. म्हणजे एकाच बॅनरवर दोघांचं भागतं. बॅनरवर राणीचा चेहरा नव्हता, म्हणून तिथं अण्णांचाच दुसरा फोटो लावला, जरा गंभीर असलेला.

पुतळा लातूरहून आला. तिथल्या एका कारखान्यात एक राणी तयारच उभी होती, कुण्या गावानं नाक आवडलं नाही म्हणून परत केलेली. मूठ पोकळ ठेवलेली, जे हवं ते बसवता यावं म्हणून. इथं मात्र भांडण लागलं. अर्धी स्मारक समिती म्हणे तलवार, अर्धी म्हणे पुस्तक, आणि एक जण हट्टानं म्हणे तेलाची पळी. निर्णय होईना, म्हणून राणी रिकाम्या मुठीनं टेम्पोतून आली आणि नगरपंचायतीच्या आवारात कचऱ्याच्या घंटागाडीशेजारी उभी राहिली. जाता येता लोक तिच्या मुठीत फूल खोचायचे. एकानं छत्री अडकवली.

लोकांनाही हळूहळू आठवायला लागलं. शेषेराव आजोबांना आठवलं, की त्यांच्या आजोबांनी कायकीला पांढऱ्या घोड्यावर बघितलं होतं. दुसऱ्या गल्लीत घोडा काळा निघाला. दोन्ही गल्ल्यांचं बोलणं बंद झालं. देगलूरच्या एका बाईनं राणीला बोललेला नवस फेडायला नारळ आणला आणि लिंबाखाली फोडला. पाणी कढईत उडालं, तेल तडतडलं, आणि बघणाऱ्यांनी हात जोडले. अहवालात लिहिलंच होतं.

इथपर्यंत शिवांगीला गंमतच वाटत होती. खरं सांगायचं तर थोडी ऐटही. अख्खी राणी एका सहीत जन्माला घालणं ही काय साधी गोष्ट आहे?

मग एका दुपारी लक्ष्मम्मानं तिच्या हातात एक कागद दिला. वाच म्हणाली, माझा चष्मा तेलकट झालाय. शिवांगीनं मोठ्या, नव्या आवाजात वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला तो आवाज मागच्या वर्षीइतका बारीक झाला. नोटीस होती. राणी कायकी स्मारकाचा चबुतरा लिंबाखाली नियोजित असून आपला गाडा त्यास अडथळा ठरत आहे, सबब आपण पंधरा दिवसांत ओढ्यापलीकडील खाद्य विभागात स्थलांतरित व्हावे. हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे.

ओढ्यापलीकडं काय होतं? बाभळी होत्या, आणि चार रंगीत टपऱ्या, आराखड्यात किती सुंदर दिसणाऱ्या. तिकडं दिवसाही कुणी जात नसे. लक्ष्मम्मा तिकडं गेली की लिंबाखाली उरणार राणी, साखळी आणि 'बसू नये' अशी पाटी. मग शाळा सुटल्यावर रिक्षा येईपर्यंत थांबायचं कुठं? शिवांगीच्या आईनं ऐकल्या ऐकल्या सांगितलं, की मग शाळा सुटली की सरळ घरी, क्लास बंद, वाचनालय बंद. तिच्या मैत्रिणीच्या, शिल्पाच्या घरीही तेच ठरलं. एका चबुतऱ्यापायी गावातल्या निम्म्या पोरींची संध्याकाळ उचलली जाणार होती, आणि खाली सही शिवांगीची होती.

लक्ष्मम्मानं नोटीस घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली. "ही कायकी कोण हाय गं, पिल्ला?"

शिवांगीनं पेटीवर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करायला घेतलं.

"कोण का असंना," लक्ष्मम्मा म्हणाली. "चांगली बाई दिसत न्हाई. आल्या आल्या दुसरीचा चुल्हा हलवती."

शिवांगी त्या दिवशी भजी न खाता घरी गेली, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं. दुसऱ्या दिवशी तिनं देविका मॅडमना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. राणी न्हाई, कुणीच न्हाई, ते नुसतं काय की आहे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की शिवांगी, समाजानं तिला स्वीकारलंय ना, नवस फेडतायत ना, मग आता ती आहे. आणि किती सुंदर आहे. मूळ फॉर्म कुठं आहे म्हणून विचारलं, तर तो पुण्याला अहवाल छापल्यावर नष्ट केला होता, कागद वाचवायला.

राहिली सुनावणी. शिवांगीनं रात्रभर भाषण पाठ केलं. सुरुवात 'सन्माननीय व्यासपीठ' अशी होती, शेवटी सगळ्यांना लाज वाटावी अशी सोय होती.

सुनावणी मंगल कार्यालयात होती, कारण नगरपंचायतीच्या खोलीत पंखा एकच. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच होती. मुख्याधिकारी साहेबांना बसायला नवरदेवाची सोनेरी खुर्ची मिळाली आणि शेजारच्या नवरीच्या खुर्चीत गुंडप्पा अण्णा बसले. वर 'शुभविवाह' चमकत होतं. इतिवृत्त लिहायला रेणुकादास सर, गावात अक्षर त्यांचंच चांगलं म्हणून. लक्ष्मम्माला पहिल्या रांगेत बसवलं. ती पिठाच्या हातानंच आली होती.

शिवांगीनं भाषण केलं. आवाज मागच्या रांगेच्याही पुढं, स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यापर्यंत गेला. सगळं खरं खरं सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं, शेवटी टाळ्या वाजवल्या, आणि कुणालाही लाज वाटली नाही. शेषेराव आजोबा कौतुकानं म्हणाले, पोरगी बोलती मात्र छान, पण घोडा पांढराच होता. अण्णा उठले आणि म्हणाले, की लेकरू हाय, घाबरलंय, एवढं मोठं काम हातून झाल्यावर होतं असं. विषय संपला. साहेबांनी घड्याळ बघितलं.

शिवांगी तशीच उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रडू आलं की आवाज जातो हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात तिचं लक्ष सरांच्या पेनाकडं गेलं. सर खाली मान घालून तिचं भाषण उतरवत होते, तसंच्या तसं, एका शब्दाला हात न लावता. तिथंच तिच्या डोक्यात लखकन काहीतरी पेटलं.

ती म्हणाली, साहेब, हरकत लक्ष्मम्माची आहे, तिला तर कुणी विचारलंच न्हाई. मी विचारते, सर लिहून घेतील. साहेबांनी मान हलवली, नियमात बसत होतं.

"लक्ष्मम्मा, त्या जागेचं नाव काय?"

"काय की."

सभागृहात समाधानाची लाट आली. कुणीतरी मागून 'राणी कायकीचा विजय असो' म्हटलं. सरांनी अभिमानानं लिहिलं, जोडून, एका शब्दात, आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

"तुला त्या जागेवर कुणी बसवलं?"

लक्ष्मम्मानं आठवून बघितलं. "काय की. तवा म्या नवी नवरी."

सरांनी लिहिलं, 'कायकी.' आणि वाचलं. यावेळी टाळ्या जरा पातळ आल्या.

"किती वर्षांसाठी बसवलं?"

"ते काय की."

सरांनी लिहिलं. अण्णांनी नवरीच्या खुर्चीत बूड हलवलं. त्यांना काहीतरी टोचायला लागलं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"आता शेवटचं. तुला तिथून उठवायचा हक्क कुणाला हाय?"

लक्ष्मम्मानं साहेबांकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, 'शुभविवाह'कडं बघितलं. "काय की, बाई. मला कोन सांगितलंय."

सरांचं पेन कागदाच्या वर एक वीतभर थांबलं. अण्णा पटकन उभे राहिले आणि म्हणाले, की हे तसं न्हाई, हे ती आपलं सहज म्हणून राहिली, ह्याचा अर्थ कुणाला ठाऊक असा... आणि तिथंच त्यांची जीभ अडकली. कारण समोर पहिल्या रांगेत त्यांचाच बॅनर दुमडून ठेवला होता.

शिवांगी सरांजवळ गेली. आता ती ओरडली नाही. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, मधी जागा सोडून लिहा, न्हाईतर जोडून लिहा. तुमचं तुम्ही ठरवा. पण चारी ठिकाणी एकसारखं लिहा."

रेणुकादास सरांचं काय झालं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एका बाजूला दोन शब्द आणि अकरा पानं. दुसऱ्या बाजूला एक शब्द आणि दोनशे सतरा पानं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग शिवांगीकडं असं बघितलं, जणू परीक्षेत प्रश्न त्यांनी काढलाय आणि उत्तरपत्रिका त्यांनाच लिहायला लावलीय. आणि त्यांनी जोडून लिहिलं. चारी ठिकाणी. सुंदर अक्षरात.

त्यामुळं इतिवृत्तात आलं ते असं: सदर महिलेस सदर जागी राणी कायकी यांनी स्वतः बसविले असून, मुदत राणी कायकी यांनाच माहीत आहे, व तेथून उठविण्याचा अधिकार राणी कायकी यांचेशिवाय कोणासही नाही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. अण्णांना विचारलं, राणीचा काही लेखी आदेश आहे का उठवण्याचा? अण्णा म्हणाले न्हाई. साहेब म्हणाले, घेऊन या, मग बघू. पुढच्या हरकतीला बोलवा.

पुतळा आता लिंबाखालीच आहे, पण गाड्याच्या मागं, चार फूट सरकून. राणी लक्ष्मम्माच्या खांद्यावरून कढईत डोकावते आहे असं दिसतं. तलवार की पुस्तक हे भांडण मिटलं नाही, तेव्हा लक्ष्मम्मानंच ते सोडवलं. तिला झारा टांगायला खुंटी नव्हती, मुठीचं भोक बरोबर मापाचं निघालं. गर्दीत ती न बघता मागं हात करते, राणीच्या हातातून झारा घेते, काठावर तीनदा आपटते, परत देते. फोटो काढायला लातूरपासून लोक येतात. देविका मॅडम आल्या, पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या, आणि पहिल्यांदाच किती सुंदर म्हणाल्या नाहीत. दोन प्लेट भजी खाल्ली.

या जूनमध्ये आराखड्याचा दुसरा टप्पा आला. नवे फॉर्म. शिवांगी आता दहावीत, तरी गठ्ठा तिनंच मागून घेतला. शाळा सुटली होती, लिंबाखाली पोरींचा घोळका होता, रिक्षा यायची होती. तिनं फॉर्म पेटीवर ठेवला आणि विचारलं, या जागेचं नाव काय?

लक्ष्मम्मानं पदर तोंडात धरला आणि मान हलवली. परत विचारलं तरी तेच. शेवटी पदर जरासा बाजूला करून म्हणाली, "म्या आता काईच बोलत न्हाई, पिल्ला. बोललं की पुतळा आणतेत."

शिवांगी पेन धरून थांबली. तसंच्या तसं लिहायचं, शब्दाला हात लावायचा नाही, पण कुणी काही बोलायलाच तयार नाही, तर लिहायचं काय? तेवढ्यात तिच्यामागं शिल्पाचा फोन वाजला. शिल्पानं तो करंगळीनं स्पीकरवर घेतला, कारण दोन्ही हातांत भजी होती. पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, घाईतला, कुकरच्या शिट्टीवरून येणारा.

"पोचलीस का? हां. मंग लक्ष्मम्मापाशीच थांब, हलू नको."

शिवांगीनं खाली वाकून लिहिलं: लक्ष्मम्मापाशी. जोडून, एका शब्दात.